नऊ साड्या आणि टाउनशिपचा कागद

टाउनशिपचा कागद आमच्या घरी आला तो मीच ओढवून घेतला, हे आधी सांगून टाकते. शैलेंद्र म्हणतो, कुणीतरी शेजाऱ्याने चुगली केली. केली असेल. पण दार मी उघडलं, चहा मी टाकला आणि कपाटही मीच उघडलं. त्यात शेजाऱ्याचा काय हात?

शैलेंद्र माझा मुलगा. गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. अमेरिकेत नोव्हाय गावाच्या पलीकडे एका टाउनशिपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पंचायतीसारख्या हद्दीत, त्याचं घर. नाव लिहीत नाही, उगाच कुणाला ठसका लागायला नको. हे गेले, आणि दोन हजार तीन साली तो मला कायमची इकडे घेऊन आला. सकाळी साडेसातला तो जातो. आठला सून उत्तरा जाते, तिच्याबरोबर नात अनया शाळेला. गॅरेजचं दार घरंगळत खाली येतं, धप्प वाजतं, आणि संध्याकाळी ते परत वर जाईपर्यंत घरात मी आणि फ्रिज. फ्रिज अधूनमधून घुरघुरतो तरी. मी कुणाशी घुरघुरणार?

कोरेगावला असं नव्हतं. आमची पिठाची गिरणी होती, दिवसभर दारात माणूस. आणि गल्लीत कुणी बाळंत झालं की बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला माझ्या सासूबाई जायच्या, त्यांच्या मागे मी जाऊ लागले. पोटासाठी नव्हे, हाताला गुण होता म्हणून. सासूबाईंचा नियम होता. पैसा घ्यायचा नाही आणि मान सोडायचा नाही. चाळीस दिवस झाले की बाळाच्या आईने साडी आणि नारळ द्यायचा. नाही दिला तर त्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. न्हाऊ घालणारी रिकाम्या हाताने गेली तर बाळाला लागतं, असं त्या म्हणायच्या. मला विचाराल तर बाळाला काही लागत नाही. लागतं ते न्हाऊ घालणारीला.

इथे आल्यावर वाटलं होतं, ते सगळं संपलं. पण मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये एक पोरगी कोपऱ्यात रडत बसलेली दिसली. रेणू तिचं नाव. मांडीवर वीस दिवसांचं पोर, आणि ते असं धरलेलं की जणू काचेचं भांडं. मी म्हटलं, "अगं, ते काय लोणच्याची बरणी आहे का? आण इकडे." पोर माझ्या हातात आलं आणि गप्प झालं. दुसऱ्या दिवशी रेणूचा नवरा राजेश मला न्यायला गाडी घेऊन दारात हजर.

तिथून सुरू झालं. अडीच वर्षांत नऊ बाळं. बाथटबमध्ये पाट टाकून मी बसायची, पाय लांब करून त्यावर बाळ पालथं घालायची. गरम तेल, मग डाळीचं पीठ आणि साय. आयांना कंबर, पाठ, पोटऱ्या. एकदा ओव्याची धुरी दिली तर छतावरचा भोंगा वाजायला लागला आणि दोन लाल बंब दारात! तेव्हापासून धुरी बंद केली. बाकी सगळं गावासारखं. पोरी बिचाऱ्या पुण्या-नागपूरकडच्या, आया लांब, नवरे दिवसभर कंप्युटरवर. माझा हात पाठीवर पडला की हमसून हमसून रडायच्या. मी म्हणायची, "रड गं, तेलाबरोबर निघून जाऊ दे." मग त्या रडायच्या आणि मला उगाच बरं वाटायचं. हे पाप असेल तर असो.

आणि दर चाळिसाव्या दिवशी साडी. नऊ बाळं, नऊ साड्या. माझ्या खोलीतल्या कपाटाचा एक कप्पा त्यांचा. एकदाही घडी मोडली नाही. दुपारी दोनच्या सुमाराला, जेव्हा घर फार मोठं होतं, तेव्हा त्या बाहेर काढायच्या आणि परत ठेवायच्या.

तिसऱ्या हिवाळ्यात माझे गुडघे धरले, म्हणून पोरीच आमच्याकडे यायला लागल्या. बेसमेंटमध्ये मी पाट आणि गाद्या मांडल्या. रोज दहाला एक गाडी, अकराला दुसरी. ते कुणाच्या तरी डोळ्यावर आलं.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी. नवव्या बाळाची आई मालिनी, तिची साडी नुकतीच आली होती. बर्फ गुडघाभर. बेल वाजली. दारात निळ्या जाकिटातली गोरी बाई, छातीवर बिल्ला, हातात कागदांची पाटी. आणि पोट! सातवा तरी असणार. ती काहीतरी म्हणाली, त्यातलं मला 'टाउनशिप' आणि 'मसाज' एवढं कळलं. मला वाटलं, माझं नाव गोऱ्यांपर्यंत पोचलं. अशा अवस्थेत बर्फातून चालत आली म्हणजे गरज असणार. मी तिला हाताला धरून आत घेतलं.

चहा दिला. तिने नको नको केलं. मी म्हटलं, "पोटुशी बाई दारातून तशी जात नसते." तिला काय कळणार, पण बसली. खाली नेलं, पाट दाखवला, तेलाच्या बाटल्या दाखवल्या. भिंतीवर नऊ बाळांचे फोटो होते, ते दाखवले. "बेबी. गुड. नाइन," मी म्हटलं. ती लिहीत होती. मध्येच तिने एक पाय दुसऱ्या पायाने चोळला. बघते तर घोटे टम्म फुगलेले, बुटाच्या नाड्या सोडलेल्या.

मी खाली बसले आणि तिचा बूट काढला.

"नो, नो, मॅम!" ती म्हणाली. पण मी घोट्यामागे अंगठा दाबला, जिथे दाबायचा असतो तिथे. तिचं तोंड बंद झालं. डोळे मिटले. मिनिटभर, फार तर दोन मिनिटं, बेसमेंटमध्ये फक्त घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर ऐकू येत होती. मग तिला एकदम काहीतरी आठवलं, तिने पाय ओढून घेतला आणि लालबुंद झाली.

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण तिने कागद पुढे करून बोटं एकमेकांवर घासली. पैसे? पैसे किती घेता?

माझं डोकं फिरलं. मी काय मोलाने चोळणारी वाटले का हिला? मी तिला वर नेलं आणि कपाट उघडलं. "नो मनी!" मी म्हटलं. "धिस!" आणि एकेक साडी पलंगावर टाकत गेले. ही रेणूची. ही कांजीवरम, नागपूरच्या डॉक्टरणीची. ही मालिनीची, परवाची. नऊ नावं, नऊ बाळं, बोटांवर मोजून दाखवली. तिने कॅमेरा काढून विचारलं, फोटो घेऊ का? मी पदर सारखा करून साड्यांशेजारी उभी राहिले. ताठ.

जाताना तिची ओटी भरली. मला कुंकू नाही. गावात माझ्याकडून ओटी कुणी भरून घेतली नसती. पण इथे बघणारं कोण होतं? तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. ती दोन्ही हात वर करून मागे सरली, 'कान्ट, कान्ट' म्हणत राहिली, आणि नारळ पायरीवर ठेवून गेली. मला वाटलं, गोरी आहे, रीत माहीत नाही. नारळ मी आत आणला. कितीतरी वर्षांनी ओटी भरली होती, तर तीही परत आली.

कागद आला आठ दिवसांनी. शैलेंद्रने तो दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"आई, तू तिला साड्या दाखवल्यास?"

"दाखवल्या. का? चोरीच्या आहेत?"

"अगं, ती टाउनशिपची इन्स्पेक्टर होती! मसाज आणि टॅटूच्या धंद्यांना लायसन्स असतं इथे. ती चेक करायला आली होती. आणि तू तिला..." त्याने कपाळावर हात मारला. "फोटोपण काढून घेतलास!"

"चांगला आला असेल," मी म्हटलं.

उत्तराने तोंड फिरवलं. हसत होती की काय, कळलं नाही.

मग त्याने समजावलं. टाउनशिपचा नियम असा, की मोबदला घेऊन मालिश करायची तर शाळेत पाचशे तास शिकायचं, परीक्षा द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, डॉक्टरचा दाखला आणायचा आणि बाजाराच्या रस्त्यावर दुकान घ्यायचं. राहत्या घरात नाहीच. मोबदला म्हणजे पैसेच असं नाही, वस्तूही धरतात.

"पाचशे तास मला कोण शिकवणार?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं झाली या हातांना. शिकवणारीला घेऊन ये म्हणावं, तिचीच पाठ चोळून देते."

"आई, जोक नाहीये. फाइन होऊ शकतो. पण एक वाट आहे." तो माझ्याजवळ बसला. लहानपणी काही मागायचं असलं की बसायचा तसा. "मोबदला नसेल तर नियम लागूच नाही. कागदात हिअरिंगला, म्हणजे सुनावणीला बोलावलंय, तिथे एवढंच सांगायचं, की साड्या या गिफ्ट आहेत. वाढदिवसाच्या, दिवाळीच्या. मालिशशी त्यांचा काही संबंध नाही. मग तू कुणालाही मालिश कर. मी सांगतो, तू नुसती मान हलव."

मी तो कागद घडी करून पाकिटात घातला. त्याला वाटलं, मला पटलं.

बातमी पोचायला काय वेळ? त्या आठवड्यात फोन बंद झाले. पोरी व्हिसावरच्या, सरकारी कागदावर आपलं नाव यायला नको. नावं मीच बोटांवर मोजून दिली होती, त्यांना दोष कसा देऊ? रेणू देवळात भेटली तर म्हणाली, "मावशी, सगळं क्लिअर होऊ दे ना, मग येतेच." तिचा मुलगा मला ओळखेना. त्याच्या मांड्यांना मी आकार दिलाय, आणि तो आईमागे लपला.

फोन आला एकीचाच. शिवांगीचा. पहिलटकरीण, एप्रिलमध्ये बाळंत होणार. तिच्या आईला मुंबईला व्हिसा नाकारला होता, दोनदा. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही येणार ना पण? आईला मी सांगितलंय तुम्ही आहात म्हणून. म्हणून तर ती झोपते आहे रात्रीची."

"बघू," मी म्हटलं. मला हो म्हणायचं होतं. पण तिकडे मान हलवल्याशिवाय इकडे हो म्हणता येत नव्हतं.

हिअरिंगच्या दिवशी मी मालिनीची साडी नेसले. जांभळी, जरीकाठी. शैलेंद्र जिन्याखाली उभा होता. त्याने वर बघितलं आणि हातातल्या किल्ल्या पडल्या.

"आई! ही नको! हीच फोटोत आहे!"

"मग ओळखू येईल," मी म्हटलं. "सरकारदरबारी जायचं तर बाईने चांगलं नेसावं."

तिथे बाकावर आमच्याशेजारी एक दांडगा माणूस बसला होता. मानेपासून बोटांपर्यंत चित्रं. साप, कवट्या, गुलाब, कुणा बाईचं तोंड. त्याचं टॅटूचं दुकान होतं, आणि त्यालाही सुया उकळण्याचा कसलासा दाखला मागितला होता. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. माझ्या उजव्या मनगटाच्या वर तुळस गोंदलेली आहे, हिरवी, आता जरा फुटलेली. त्याने शैलेंद्रला विचारलं, ही कुणी काढली.

"सांग त्याला," मी म्हटलं, "गोंदणारीण यायची आमच्याकडे. मी आठ वर्षांची. सुई आणि काजळी. आई म्हणाली, मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच."

शैलेंद्रने सांगितलं. त्या माणसाने विचारलं, तिच्याकडे लायसन्स होतं का? आणि मोठ्याने हसला. मग हसणं थांबवून त्याने माझा हात आपल्या तळव्यावर घेतला, कागद धरावा तसा, आणि तुळशीची पानं एकेक बघितली. इतक्या नीट माझ्या हाताकडे कित्येक दिवसांत कुणी बघितलं नव्हतं. त्याचं नाव पुकारलं, तो गेला.

आत लांब टेबलामागे तीन माणसं. बाजूला ती निळ्या जाकिटातली बाई, ब्रेंडा. पोट आता खाली उतरलेलं. तिने माझी साडी बघितली, समोरचा फोटो बघितला आणि मान खाली घातली.

मधल्या म्हाताऱ्याने तिला काहीतरी विचारलं. शैलेंद्रने कानात सांगितलं, "विचारतायत, तुला प्रत्यक्ष मालिश करताना तिने बघितलं का." ब्रेंडाने समोरचा कागद सरळ केला. मग "नो, सर," म्हणाली. मी तिच्या पायांकडे बघितलं. तिने ते खुर्चीखाली घेतले.

मग म्हाताऱ्याने मला विचारलं. शैलेंद्र म्हणाला, "आई, विचारतायत, या साड्या मालिशबद्दल दिल्या का. मान हलव. नाही म्हण."

त्या एका क्षणात मला सगळं दिसत होतं. नाही म्हटलं की शिवांगी. बेसमेंटमधल्या गाद्या, दहाची गाडी, अकराची गाडी. आणि हो म्हटलं की फ्रिज. पण नाही म्हणायचं म्हणजे काय? की त्या नऊ पोरींनी मला काही दिलंच नाही. माझे हात फुकट गेले, मी नऊ उंबऱ्यांवरून रिकामी परतले. उद्या दुपारी दोन वाजता कपाट उघडून बघायचं काय मग? दिवाळीच्या साड्या?

"त्यांना सांग," मी म्हटलं, "हे मोल नाही, मान आहे. पण दिला तो कामाबद्दलच. दुसरं कशाबद्दल कोण मला साडी देतंय इथे?"

शैलेंद्र त्यांच्याकडे वळला. मग इंग्रजीत बोलला. बराच बोलला, आणि त्यात मला तीनदा 'गिफ्ट' ऐकू आलं. एवढं इंग्रजी मला येतं. नाताळात सगळ्या दुकानांवर तेच लिहिलेलं असतं.

मी उठले. "नो गिफ्ट," मी म्हटलं. दोन्ही हात पुढे केले. "वर्क."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला आणि तिघं आपसात कुजबुजले. निकाल शैलेंद्रने सांगितला: दंड नाही, पहिलीच वेळ आहे म्हणून ताकीद. पण यापुढे लायसन्सशिवाय, काहीही घेऊन, कुणालाही मालिश करायची नाही. पुन्हा आढळलं तर कोर्ट.

गाडीत शैलेंद्रने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. घराच्या वळणावर म्हणाला, "मी तुझ्यासाठीच करत होतो ना? कशाला हा हट्ट? घरात तुला काय कमी आहे, आई?"

"कमी काही नाही," मी म्हटलं. "खोल्या तर जास्तच आहेत."

एप्रिलच्या बारा तारखेला शिवांगीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी तिने फोन केला. बोलली नाही, नुसतं बाळाचं रडणं ऐकवलं. पोटात दुखत असणार, आवाजावरून कळतं. मी सासूबाईंची आठवण काढली, मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडले आणि शैलेंद्रला म्हटलं, "मला तिच्याकडे सोड. काही घेणार नाही. तुझ्या टाउनशिपची शपथ."

"खरंच काही नाही? नारळसुद्धा?"

"नारळसुद्धा."

गेले. चाळीस दिवस गेले. शिवांगीचा नवरा यतीन मला सकाळी न्यायचा, जेवायच्या सुट्टीत आणून सोडायचा. पोरगी बाळसं धरायला लागली, मांडीवर हात पडला की हसायची. शिवांगीच्या आईला मुंबईहून बघता येत नव्हतं, म्हणून ती फोनवर नुसतं ऐकायची. "पाठीला नीट लावताय ना हो, विहीणबाई?" तिने मला विहीणबाई का म्हणावं कुणास ठाऊक. मी म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरी लावते." ती तिकडे हसायची आणि मग नाक ओढायची.

चाळिसाव्या दिवशी शिवांगीने ताट आणलं. हिरवी साडी, वर नारळ. तिने टाउनशिपचा नियम ऐकला होता, तरी आणलं.

"मावशी, कोणी बघत नाहीये."

"म्हणूनच घेत नाही," मी म्हटलं. "लपून घ्यायचा तो मान नसतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग बाळाला लागेल ना? तुम्हीच सांगितलं होतं."

ते मी सांगितलं होतं खरं. माझी जीभ! मी माझी पिशवी उघडली. त्यात मालिनीची जांभळी साडी होती, घडी घालून, इस्त्री करून आणलेली. मी ती शिवांगीच्या पदरात घातली, वर तिच्याच ताटातला तिचाच नारळ ठेवला आणि तांदूळ टाकले.

"न्हाऊ घालणारी रिकामी जायला नको," मी म्हटलं. "पण आई लेकीकडून घेत नाही, देते. आज मी तुझी आई म्हणून जाते. कुणालाही लागणार नाही."

ती पदर धरून तशीच उभी राहिली. मुलगी पाळण्यात झोपली होती, तेलाचा वास येत होता. जूनमध्ये त्यांना चँडलरला, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, यतीनला तिकडे नोकरी लागली होती. ते आम्ही कुणी बोललो नाही.

यतीनने मला घरी सोडलं. दर वेळी येताना मांडीवर तेलाच्या बाटल्यांची पिशवी असायची. ती मी शिवांगीकडेच ठेवून आले होते, तिला लागेल म्हणून. त्या वीस मिनिटांत मांडीवर काहीच नव्हतं. हात कुठे ठेवावे ते कळेना. आधी एकावर एक ठेवले, मग पदराखाली घेतले. पदराबाहेर राहिलेल्या गोंदलेल्या तुळशीवर तेल चकाकत होतं.

यतीनने बाहेरचे आकडे दाबून आमच्या गॅरेजचं दार उघडून दिलं, मी आत गेले, आणि ते माझ्या मागे खाली आलं.